गिरणीकडचा पांढरा

अण्णा,

गेल्या आठवड्यात लातूरला एका शाळेच्या बाहेरच्या भिंतीसाठी मी स्वतःच्या हातानं पांढरा रंग कालवला. तुमच्या मुलीनं ब्रश हातात धरला हे बघून तुम्ही आधी हसला असता आणि मग 'ठेव तो खाली, अभ्यास कर' म्हणाला असता. आता माझी पन्नाशी उलटली, नांदेडच्या कॉलेजात पोरांना रसायनशास्त्र शिकवते, आणि मला अभ्यास कर म्हणणारं कुणी उरलेलं नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आजही लिहायला बसले ती मायेनं कमी आणि लाजेनं जास्त. त्या भिंतीवर जे आहे ते तुमचं आहे आणि तिथं नाव लागलंय माझं.

तुमचं दुकान अजून डोळ्यांसमोर आहे. डाळीच्या गिरण्यांच्या मागची गल्ली, पत्र्याची खोली, दाराशी टेकवलेली शिडी. साऱ्या लातूरच्या दुकानांना पाट्या रंगवून देणाऱ्या माणसाच्या दुकानाला मात्र पाटी नव्हती. तुम्ही म्हणायचा, 'मला कोण हुडकत येणार हाय? पाटीखाली नाव असतंयच की.' ते खरं होतं. कुठलीही पाटी झाली की शेवटी उजव्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत तुम्ही नाव घालायचा आणि त्याखाली 'पेंटर'. किराणा दुकानाचं नाव हातभर आणि तुमचं वाचायचं तर माणसानं वाकायला पाहिजे. लहानपणी बाजारातून जाताना मी प्रत्येक पाटीखाली वाकायची. आई ओरडायची, मागून सायकल येते, दिसत नाही का तुला.

आणि तुमचे पांढरे. दुकानातून आणलेला सफेदा तुम्ही सरळ डब्यातून कधी लावला नाही. जुन्या पाटीवर एखादं अक्षर नव्यानं काढायचं असलं, कुणाच्या पाटीवर 'आणि सन्स' वाढवायचं असलं, की तुम्ही आधी शिडी लावून वर चढायचा, पाटीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि ते बोट उन्हात धरून बघायचा. गिरण्यांकडचा गर्दा पिवळसर, तुरीच्या टरफलाचा. म्हणून तिथल्या पांढऱ्यात चिमूटभर पिवडी आणि काळ्याचा एक थेंब. एसटी स्टँडकडं डिझेलचा धूर, तिथं पिवडी नाही, काळा थोडा जास्त. कचेरीच्या बाजूला झाडं, तिथं काळा नुसता दाखवायचा. रेणापूरच्या रस्त्यावरच्या खेड्यांत काम निघालं तरच डबा उघडून तसाच रंग. तुम्ही त्यांना नावंसुद्धा दिली होती. गिरणीकडचा पांढरा, स्टँडचा पांढरा, कचेरीचा पांढरा, गावाकडचा पांढरा. 'नवा पांढरा जुन्याजवळ बसत न्हाई. लई मिजास असती त्याला,' असं म्हणायचा तुम्ही.

मी दहा वर्षांची आहे. लिंबाची कांडी माझ्या हातात आहे आणि मी वाटीत रंग ढवळते आहे. काळा किती घालू असं विचारलं की तुम्ही म्हणता, 'डोळ्यात काजळ घालतीस ना, तेवढाच.' मग फळीवर एक ठिपका लावायचा आणि तो उन्हात ठेवायचा. मला धीर नसतो. मी लगेच ओरडते, जमला, जमला! तुम्ही विडी विझवत म्हणता, 'रंग ओला असताना जोखायचा न्हाई, माय. वाळल्यावर खरं बोलतो त्यो.'

घरी मी आईशी भांडायची. माझा शाळेचा सदरा कधी पांढरा शुभ्र झालाच नाही. वर्गातल्या कचेरीकडच्या मुलींचे सदरे बघितले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी आईला म्हणायची, तुला धुणंच येत नाही. ती चुलीपुढं बसून भाकरी थापायची, फक्त थापणं जोरात व्हायचं. एकदा तुम्ही दारातून म्हणालात, 'तिला नको बोलू. हवाच तशी हाय हितली.' मी तोंड वाकडं केलं. हवेचा आणि सदऱ्याचा काय संबंध असं मला वाटलं. पुढं याच विषयात मला पगार मिळणार होता, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मीच हसले असते.

आता त्या दिवसाचं लिहायला पाहिजे. आपण दोघं त्याबद्दल कधीच बोललो नाही. तुम्ही बोलला नाहीत म्हणून मी सुटले, आणि सुटले म्हणूनच ते आजवर टोचतंय.

मी शिकले त्या लातूरच्या कॉलेजला त्या वर्षी सायन्सची तुकडी मिळाली होती आणि त्या पहिल्याच तुकडीत मी होते. फाटकावरची निळी पाटी तुम्हीच आठ-दहा वर्षांपूर्वी रंगवलेली, 'कला व वाणिज्य महाविद्यालय'. आता त्यात 'विज्ञान' घालायचं होतं. कॉलेज गिरण्यांच्या पट्ट्यातलं. तुम्ही शिडीवर चढला, बोट फिरवलं, खाली उतरून गिरणीकडचा पांढरा कालवायला घेतला. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते आणि मैत्रिणींना दिसू नये म्हणून खिडकीकडं पाठ करत होते. तेवढ्यात ऑफिसातले मोठे क्लार्क बाहेर आले आणि त्यांना वाटीत काळा पडताना दिसला. 'सफेद्यात काळं कालवता? उरलासुरला रंग खपवायला आमचंच कॉलेज सापडलं का? ह्यांना काम दिलं की असंच होतं.' तुम्ही समजावून सांगत होता. जुन्या अक्षराशी मिळतं करायचं, साहेब. वाळू द्या, मग बघा. ते ऐकून घेईनात. शिपायाला पाठवून त्यांनी मला वर्गातून बोलावून घेतलं.

मी फाटकापाशी उभी आहे. आजूबाजूला पोरं जमली आहेत. तुमच्या हातात कांडी आहे, तिच्यावरून रंगाचा थेंब चपलेवर पडतो आहे. क्लार्क विचारतात, 'तुझेच वडील ना हे? सायन्सला आहेस ना तू? सांग बरं, घरी पण असाच रंग कालवतात का?' मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं की हो सर, असाच कालवतात, आणि असाच कालवावा लागतो, मी स्वतः कालवलाय. तुम्ही माझ्याकडं बघत होता. तुमच्या तोंडावर काळजी नव्हती, हे मला पक्कं आठवतं. पोरगी सांगेल नीट, अशा भरवशानं तुम्ही बघत होता.

मी म्हणाले, 'मला माहीत नाही सर. मी त्यांच्या कामाकडं लक्ष देत नाही.'

तुम्ही वाटीतला रंग फाटकाबाहेर मातीत ओतला. नवा डबा उघडला आणि 'विज्ञान' डब्यातल्या रंगानं, जसाच्या तसा पांढराशुभ्र लिहिला. अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं. पण जुन्या धोतराला नवं ठिगळ लावावं तसं ते दिसायला लागलं आणि त्याच्या शेजारी 'कला' आणि 'वाणिज्य' एकदम मळकट वाटायला लागले. क्लार्क खूश झाले. आणि त्या दिवशी तुम्ही कोपऱ्यातल्या जुन्या नावावर निळा रंग फिरवला. त्या पाटीवरून तुमचं नाव तुम्ही स्वतःच्या हातानं काढून टाकलंत. पुढं पाच वर्षं मी रोज त्या पाटीखालून आत गेले आणि कोपऱ्याकडं मान वर करून बघायची हिंमत मला झाली नाही.

संध्याकाळी मला वाटलं, आता मार मिळणार, निदान बोलणी तरी बसतील. तुम्ही नेहमीसारखे जेवलात. मी ताट धुवायला गेले तेव्हा आईला सांगताना ऐकलं, 'पोरगी शिकायली. तिला कशाला उगी मधी घेतलं त्यांनी. घाबरलं लेकरू.' मी घाबरले नव्हते, अण्णा. मला तुमची लाज वाटली होती. तुम्ही माझ्यासाठी एक बरं कारण शोधून काढलंत आणि मी ते इतकी वर्षं वापरत राहिले.

नोकरी लागल्यावर मी नांदेडला आले. वडील काय करायचे असं कुणी विचारलं तर 'रंगांच्या व्यवसायात होते' असं सांगायची मला सवय लागली. ऐकणाऱ्याला वाटतं, मोठी एजन्सी असणार. तोवर फ्लेक्स आलं होतं आणि तुमची शिडी भिंतीला टेकून राहिली होती. शेवटच्या वर्षी तुम्हाला चार पावलं चाललं तरी धाप लागायची. मी दर रविवारी यायचे, औषधांच्या चिठ्ठ्या तपासायचे आणि रंगाचं एक अक्षर काढायचे नाही.

माझं काम हवेचं. एक यंत्र असतं, ते दिवसभर हवा ओढतं आणि एका गोल पांढऱ्या कागदातून सोडतं. हवेतला गर्दा कागदावर बसतो. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा आणि आकडा लिहायचा. लातूरच्या चार छपरांवर आम्ही अशी यंत्रं ठेवली होती. गिरण्यांजवळ, स्टँडजवळ, कचेरीच्या बाजूला आणि रेणापूरच्या पुढच्या एका खेड्यात. जागा मी निवडल्या. का याच चार, असं मला कुणी विचारलं नाही आणि खरं सांगते, मीही स्वतःला विचारलं नाही. अहवाल झाला. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्यावर चहाचे कप ठेवले.

नांदेडचा एक तरुण चित्रकार आमच्या कॉलेजात पोरांना भिंती रंगवायला शिकवायला आला होता. त्यानं ते गोल कागद बघितले, एक उचलून स्वतःच्या शर्टाला लावला आणि म्हणाला, 'मॅडम, तुमचे आकडे कोण वाचणार? हा कागदच बोलतोय की.' त्याच्या डोक्यात आलं की त्या त्या भागातल्या कागदाचा रंग भिंतीवर मोठा करून लावायचा आणि शेजारी कोरा पांढरा पट्टा ठेवायचा. तुमचंच गाव आहे, तिथंच करू म्हणाला. मग माझ्या प्रयोगशाळेत त्याच्या वाट्या आल्या. त्यानं पांढऱ्यात काळा घालून बघितला, पुन्हा घालून बघितला. दोन दिवस त्याचं काही जमेना. 'राखाडीच होतोय, मॅडम. मेल्यासारखा दिसतो. कागद कसा अजून पांढरा वाटतो.'

मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणून गेले, 'चिमूटभर पिवडी घाल. आणि काळा डोळ्यात काजळ घालतो तेवढाच. वाळेपर्यंत बघू नकोस.'

त्यानं तसं केलं. ठिपका वाळला, गिरण्यांच्या कागदाशेजारी ठेवला, आणि कुठला कागद आणि कुठला रंग ते कळेना. तो माझ्याकडं बघतच राहिला. 'हे तुम्हाला कसं सुचलं?'

मी म्हणाले, 'सुचलं.'

बस, एवढंच. 'माझे वडील पेंटर होते' म्हणायला काय लागत होतं? त्याला तर ऐकून आनंदच झाला असता, तो स्वतः एका सुताराचा मुलगा आहे आणि सगळ्यांना सांगत फिरतो. पण मी सुचलं म्हणाले, आणि एकदा सुचलं म्हटलं की कुठं सुचलं, कधी सुचलं हेही सांगावं लागतं. प्रकल्पाच्या कागदांत ते गेलं. पेपरवाल्याला मी सांगितलं. काल लातूरला कार्यक्रमात माइकवर उभी राहून मी बोलले की गाळणीचे कागद बघता बघता प्रयोगशाळेत एके दुपारी मला ही कल्पना सुचली. टाळ्या पडल्या. दुपारसुद्धा मी मनानं घातली होती.

भिंत मात्र चांगली झाली, अण्णा. चार मोठे चौकोन, प्रत्येकाच्या कडेला हातभर रुंद कोरा पट्टा. लांबून सगळं सारखंच दिसतं. एक जण तर मोठ्यानं म्हणाला, 'एवढी माणसं जमवून नुसता चुना मारलाय व्हय?' लोक हसले. मग जवळ आले आणि हसायचे थांबले. गिरणीत डाळ निवडणाऱ्या पाच-सहा बाया आल्या होत्या. त्यातल्या एकीनं एक हात चौकोनावर ठेवला, एक पट्ट्यावर, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. 'हे आमच्याकडच्या हवेचं हाय का, बाई?' मी हो म्हणाले. ती म्हणाली, 'माझी सासू मरेस्तोवर म्हणत व्हती, हिला धुणं येत न्हाई. मला बी वाटायचं, आपल्याच हाताला जोर न्हाई.' दुसरीनं विचारलं, 'मग आता कुणाला सांगायचं?' आमच्याकडं सह्या घ्यायचा एक कागद होता, तो पुढं केला. मला आईची थापलेली भाकरी आठवली आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून बाजूला गेले.

तिथंच निलंग्याचे काका भेटले. तुमच्याबरोबर शिड्या वाहिलेले, तुमच्याकडंच अक्षर शिकलेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तरी पेपरात वाचून एसटीनं एकटे आले होते. 'जयभीम, माय. वळखलं का?' मी पाया पडले. ते हात मागं बांधून भिंतीपुढून चालायला लागले. चौकोनांखाली काय लिहिलंय ते त्यांनी बघितलंच नाही. 'ह्यो स्टँडचा. ह्यो कचेरीचा. ह्यो गावाकडचा.' गिरण्यांच्या चौकोनापाशी ते थांबले आणि गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उजव्या कोपऱ्यात वाकले. तिथं काही नव्हतं. वाकलेलेच राहून त्यांनी मान वळवली. 'अण्णाचा पांढरा हाय ह्यो. नाव कुठं हाय त्याचं?'

मी म्हणाले, 'काका, अशा कामात खाली नाव घालत नसतात.'

भिंतीच्या टोकाला फ्लेक्स होतं. त्यावर माझा हात जोडलेला फोटो, खिडकीएवढा, आणि जाड अक्षरांत 'संकल्पना' आणि माझं नाव. काकांनी ते एका डोळ्यानं सावकाश वाचलं. 'हाव,' म्हणाले. 'तसं बी पेंटराचं नाव कोण वाचतंय.' त्यांनी राग धरला नाही, त्याचंच जास्त लागलं. चहा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निलंग्याची गाडी धरायला गेले. फाटकापाशी मी सतरा वर्षांची होते, तेव्हाचं मी वयावर ढकललं. कालचं कशावर ढकलू?

आज सकाळी नांदेडची गाडी धरायच्या आधी मी रिक्षानं पुन्हा शाळेपाशी गेले. उरलेले रंग आणि ब्रश वॉचमनकडं ठेवलेले होते, ते मागून घेतले. भिंतीपुढं जमिनीवर बसले आणि गिरणीकडच्या चौकोनाच्या उजव्या कोपऱ्यात तुमचं नाव लिहिलं. त्याखाली 'पेंटर'. अक्षर म्हणजे फजिती होती. वेलांटी कलली, रेघ वर गेली. तुम्ही मला कांडी दिलीत, ब्रश कधी दिला नाहीत. पण ओलं होतं तोवर ते स्वच्छ वाचता येत होतं. मी तिथं बसून चार-पाच वेळा वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं की काल काकांना थांबवून का घेतलं नाही असं झालं. मग ऊन आलं. रंग वाळला. आणि नाव दिसेना.

तो चौकोन रंगवला त्याच डब्यातला रंग मी घेतला होता. तो जिथल्या तिथं इतका बेमालूम बसला की मी वाकून बघितलं, बाजूनं बघितलं, शेवटी बोट फिरवलं तेव्हा नुसती कड लागली. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, आता जमला. मीसुद्धा गाडीत बसल्यावर स्वतःची बरीच समजूत घातली, की तुम्हाला कुठं मोठ्या नावाची हौस होती, की हे असंच शोभतं.

हे पत्र त्या चित्रकाराला वाचायला द्यावं असं मघाशी मनात आलं होतं. तेवढं केलं तरी तो उद्याच्या उद्या ते फ्लेक्स उतरवील. पण मी घडी घालून गोल कागदांच्या खोक्यात ठेवते आहे, आणि त्या खोक्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

एक राहिलं. वॉचमननं सकाळी दोन डबे आणून दिले होते, अण्णा. दुसरा काळ्याचा होता. त्याचं झाकण मी उघडलं होतं, आणि पुन्हा लावलं.